फाइल सिस्टीम तीन, बटण एक

लिनक्स कर्नलची ५.१ ही आवृत्ती ५ मे २०१९ रोजी आली. तिच्यातल्या हजारो बदलांत एक बदल असा होता, ज्यातून वापरणाऱ्याच्या पदरात नवं काहीच पडलं नाही. एक्सटी४, एफटूएफएस आणि यूबीआयएफएस या तीन फाइल सिस्टीममध्ये फाइली कूटबद्ध करण्याची सोय कर्नलमध्ये घ्यायची की नाही, हे ठरवणारे तीन वेगळे पर्याय होते. ते तिन्ही काढून टाकले गेले आणि 'एफएस एन्क्रिप्शन' हा एकच पर्याय उरला. तो चालू केला, की कर्नलमध्ये असलेल्या आणि ही सोय वापरू शकणाऱ्या सगळ्या फाइल सिस्टीमना ती मिळते. बंद केला तर कुणालाच नाही.

वरवर पाहता ही नुसती साफसफाई वाटते. अशी साफसफाई कर्नलमध्ये रोज चालते आणि तिच्यावर लेख लिहावा असं क्वचितच काही असतं. पण या बदलाच्या मागेपुढे पाहिलं, तर एक जुना प्रश्न समोर येतो: एखादी सोय हवी की नको, याची निवड करायची कुठे? कर्नल बांधताना, डिस्क फॉरमॅट करताना, की फोल्डर तयार करताना? गेल्या दहा वर्षांत फाइल एन्क्रिप्शनची ही निवड हळूहळू खाली सरकत गेली. बिल्ड-पर्यायांचं एकत्रीकरण हा त्या प्रवासाचा मधला टप्पा आहे, आणि माझ्या मते सगळ्यांत अपरिहार्य टप्पाही.

आधी थोडी पार्श्वभूमी. लिनक्सवर डेटा कूटबद्ध करण्याचे मुख्य मार्ग तीन. पहिला म्हणजे संपूर्ण ब्लॉक डिव्हाइसच कूटबद्ध करायचं. हे काम डीएम-क्रिप्ट करतो आणि बहुतेक लॅपटॉपवर 'डिस्क एन्क्रिप्शन' म्हणून जे दिसतं ते हेच. यात पासवर्ड एकदा दिला की आख्खी डिस्क उघडी. दुसरा मार्ग ई-क्रिप्टएफएसचा. २००६ साली कर्नलमध्ये आलेली ही फाइल सिस्टीम दुसऱ्या फाइल सिस्टीमच्या डोक्यावर बसून काम करते. उबुंटूमध्ये होम फोल्डर कूटबद्ध करण्यासाठी अनेक वर्षं हीच होती, १८.०४ च्या इन्स्टॉलरमधून तो पर्याय गेला. एकावर एक थर म्हणजे मेमरीत एकाच फाइलच्या दोन प्रती, संथपणा आणि चमत्कारिक बग, असा एकूण अनुभव होता.

तिसरा मार्ग म्हणजे फाइल सिस्टीमनेच स्वतः फाइलगणिक एन्क्रिप्शन करायचं. गूगलच्या मायकेल हॅलक्रो, इल्दार मुस्लुखोव्ह आणि एक्सटी४चे सांभाळकर्ते थिओडोर त्सो यांनी हे काम उभं केलं आणि जून २०१५ मध्ये ४.१ या आवृत्तीत ते एक्सटी४मध्ये आलं. यातले हॅलक्रो हे पूर्वी आयबीएममध्ये असताना ई-क्रिप्टएफएसचे कर्ते होते, म्हणजे थरांच्या रचनेत काय दुखतं हे त्यांना आतून माहीत होतं. या पद्धतीत फाइलीतला मजकूर आणि फाइलीचं नाव कूटबद्ध होतं. आकार, तारखा, परवानग्या मात्र उघड्याच राहतात. त्या बदल्यात एकाच डिस्कवर वेगवेगळ्या फोल्डरना वेगवेगळी किल्ली लावता येते. क्रोम ओएसमध्ये एका यंत्रावर अनेक जण लॉगिन करतात, तिथे हे नेमकं हवं होतं.

आणि अँड्रॉइडला तर त्याहून जास्त हवं होतं. २०१६ च्या अँड्रॉइड ७.० पासून फोनमधलं स्टोरेज दोन भागांत विभागलं गेलं: एक भाग फोन चालू होताच उघडतो, दुसरा तुम्ही पिन टाकल्यावरच. रात्री फोन आपोआप रीस्टार्ट झाला तरी सकाळचा गजर वाजतो आणि फोटो मात्र कुलुपातच राहतात, ते यामुळे. अँड्रॉइड १० पासून नव्या फोनना फाइलगणिक एन्क्रिप्शन सक्तीचं झालं. तेव्हा ज्या बदलाबद्दल आपण बोलतोय तो कोपऱ्यातला असला, तरी ज्या कोडला तो लागू होतो तो कोड वाचकांपैकी बहुतेकांच्या खिशात आहे.

एक्सटी४ने वाट पाडली आणि लगेच ४.२ मध्ये एफटूएफएस मागोमाग आली. सॅमसंगमध्ये जन्मलेली, फ्लॅश मेमरीसाठी घडवलेली ही फाइल सिस्टीम. तिच्या कर्त्यांनी एक्सटी४चा एन्क्रिप्शनचा कोड जवळजवळ जसाच्या तसा उचलला. कर्नलमध्ये अशी नक्कल दिसली की दोन गोष्टी होतात: आधी कुरकुर, मग एकत्रीकरण. मे २०१६ च्या ४.६ मध्ये हा कोड एफटूएफएसमधून काढून स्वतंत्र फोल्डरमध्ये नेला गेला आणि त्याच वर्षी एक्सटी४ही तोच वापरू लागली. आज त्याला एफएसक्रिप्ट म्हणतात. फेब्रुवारी २०१७ मध्ये ४.१० सोबत यूबीआयएफएस त्यात सामील झाली. राउटरसारख्या यंत्रांतल्या कच्च्या फ्लॅश चिपवर चालणारी ही फाइल सिस्टीम.

म्हणजे कोड एक झाला. पर्याय मात्र तीनच राहिले. इथे गोम होती.

कर्नलमध्ये काय घ्यायचं हे के-कॉन्फिग नावाची व्यवस्था ठरवते. रोमन झिपेल यांनी लिहिलेली ही व्यवस्था २००२ मध्ये आली. पर्यायाला 'वाय' दिलं तर तो कोड कर्नलच्या पोटातच जातो, 'एम' दिलं तर वेगळं मॉड्यूल बनतं जे लागेल तेव्हा चढवता येतं, आणि 'एन' म्हणजे नको. आज असे पर्याय दहा हजारांच्या कितीतरी वर आहेत, आणि एकमेकांवर अवलंबूनही आहेत. एका पर्यायाने दुसऱ्याला आपोआप चालू करायचं असेल तर 'सिलेक्ट' लिहितात. एक्सटी४चा एन्क्रिप्शन पर्याय चालू केला की तो सामाईक एफएस एन्क्रिप्शनला 'सिलेक्ट' करायचा. एफटूएफएसचाही तेच करायचा, यूबीआयएफएसचाही. एक्सटी४ने तर स्वतःच्याच घरात दोन पर्याय ठेवले होते. एक माणसाला विचारण्यासाठी आणि दुसरा, नावात थोडासाच फरक असलेला, कोडने तपासण्यासाठी. नवख्याने कॉन्फिग फाइल उघडली तर यातला कोणता खरा, हे ओळखणं अवघडच.

कोडच्या बाजूला याहून विचित्र अवस्था होती, आणि ती जरा जवळून पाहण्यासारखी आहे. सामाईक कोडची हेडर फाइल एकच होती. पण एक्सटी४मध्ये एन्क्रिप्शन चालू आणि यूबीआयएफएसमध्ये बंद, असं असू शकत होतं. मग त्या एकाच हेडरने एकाला खरी फंक्शन दाखवायची आणि दुसऱ्याला खोटी, म्हणजे काहीही न करता 'ही सोय नाही' एवढंच सांगून परतणारी. त्यासाठी प्रत्येक फाइल सिस्टीम ते हेडर घेण्याच्या आधीच्या ओळीत एक मॅक्रो मांडायची: माझ्याकडे एन्क्रिप्शन आहे किंवा नाही. हेडर तो मॅक्रो वाचायचं आणि त्यानुसार पुढे दोन वेगळ्या फाइलींपैकी एक ओढायचं, एक 'सोय आहे'वाली, एक 'सोय नाही'वाली. हेडरच्या वरची ओळ बदलली की खालचा अर्थ बदलतो, ही गोष्ट सी भाषेत चालते, पण ती वाचणाऱ्याला दर वेळी मान वळवून मागे पाहावं लागतं.

तरीही ही व्यवस्था काही वर्षं चालली. कारण कोड बोलावणारा नेहमी कुठल्यातरी एका फाइल सिस्टीमच्या घरातला होता. त्याला आपलं काय चालू आहे हे माहीत असायचं. अडचण आली ती घराबाहेरच्या कोडला एन्क्रिप्शनची गरज पडली तेव्हा.

ती गरज आणली ब्लॉकच्या आकाराने. एक्सटी४मध्ये डेटा साधारणपणे ४ किलोबाइटच्या ब्लॉकमध्ये असतो. इंटेलच्या यंत्रांवर मेमरीचं पानही ४ किलोबाइटचं, त्यामुळे एक पान म्हणजे एक ब्लॉक हे समीकरण जुळतं. आयबीएमच्या पॉवर प्रोसेसरवर मात्र पान ६४ किलोबाइटचं असू शकतं, म्हणजे एका पानात सोळा ब्लॉक. एक्सटी४च्या एन्क्रिप्शनला हे झेपत नव्हतं. ब्लॉक आणि पान सारखं नसेल तर ते चालायचंच नाही. आयबीएममधले अभियंते चंदन राजेंद्र हे कोडं सोडवत होते. पानापेक्षा लहान ब्लॉक वाचण्याचं काम कर्नलमध्ये आधीच एका सामाईक ठिकाणी होतं, बफरच्या फाइलीत. तिथेच 'वाचून झालं, आता कूट उलगड' ही पायरी घालणं शहाणपणाचं होतं. प्रत्येक फाइल सिस्टीममध्ये तेच पुन्हा लिहिणं म्हणजे २०१५ ची नक्कल पुन्हा सुरू करणं.

पण बफरची ती फाइल एकदाच कंपाइल होते, सगळ्या फाइल सिस्टीमसाठी मिळून. तिच्या वरच्या ओळीत कुणाचा मॅक्रो मांडायचा? एक्सटी४चा? मग यूबीआयएफएसच्या वेळी काय? तीन बटणांची व्यवस्था इथे तत्त्वतःच कोलमडते. म्हणून राजेंद्र यांनी २०१८ च्या अखेरीस पॅचेसची एक मालिका मांडली. फाइल सिस्टीमनिहाय पर्याय काढायचे, दोन हेडर एकात विरघळवायचे, आणि 'ही फाइल कूटबद्ध आहे का' हे तपासण्यासाठी एक्सटी४ आणि एफटूएफएस जी आपापली वेगळी फंक्शन वापरत होत्या, त्यांच्या जागी सगळ्यांसाठी एकच तपासणी आणायची. एफएसक्रिप्टचे सांभाळकर्ते एरिक बिगर्स आणि त्सो यांच्या नजरेखालून जाऊन ती ५.१ मध्ये दाखल झाली. फाइलींच्या अस्सलपणाची खात्री करणाऱ्या एफएस-व्हेरिटीलाही त्याच मालिकेत हाच नियम लावला होता. ती सोय मुख्य कर्नलमध्ये नोव्हेंबर २०१९ च्या ५.४ मध्ये आली, ती पहिल्या दिवसापासून एकच पर्याय घेऊन.

पुढे काय झालं ते सांगितलं नाही तर गोष्ट अर्धवट राहील. राजेंद्र यांचा मूळ बेत याहून मोठा होता. एक्सटी४ने पानं वाचण्याचा स्वतःचा कोड सोडून पुन्हा सामाईक कोड वापरावा, असा. ते घडलं नाही. पण बफरच्या फाइलीत उलगडण्याची पायरी बिगर्स यांनी बसवली आणि जानेवारी २०२० च्या ५.५ मध्ये एक्सटी४ला लहान ब्लॉक झेपू लागले. त्या फाइलीतली एक अट मला या सगळ्या प्रकरणाचा गाभा वाटते. ब्लॉक नीट वाचला गेला आहे, कर्नलमध्ये एफएस एन्क्रिप्शन आहे, ज्या फाइलीचा हा ब्लॉक आहे ती कूटबद्ध आहे आणि ती साधी फाइल आहे. हे चारही खरं असेल तरच उलगडायला पाठव. फाइल सिस्टीमचं नाव त्या अटीत कुठेच नाही. तीन बटणं असती तर ही ओळ लिहिताच आली नसती.

आता या बदलाची किंमत. ती शून्य नव्हती, आणि ती ज्यांनी मोजली त्यांची बाजूही सांगायला हवी.

आधी मॉड्यूलची गोष्ट. पूर्वी एफएस एन्क्रिप्शन 'एम' म्हणजे वेगळं मॉड्यूल म्हणून बांधता यायचं. बफरचा कोड कर्नलच्या पोटात असतो आणि पोटातला कोड मॉड्यूलमधल्या फंक्शनला थेट हाक मारू शकत नाही. त्यामुळे एकत्रीकरणासोबत हा पर्याय फक्त 'हो' किंवा 'नाही' एवढाच उरला. पण एफएस एन्क्रिप्शन 'सिलेक्ट' करायचं ते एईएस हा कूटबद्ध करण्याचा अल्गोरिदम आणि त्याची सगळी भावंडं; आता तीही पोटातच जाऊ लागली. क्रिप्टो उपप्रणालीचे सांभाळकर्ते हर्बर्ट झू यांना स्वतःचं काम मॉड्यूल म्हणून तपासणं यामुळे त्रासाचं झालं. त्यांनी तोड सुचवली ती साधी होती: अल्गोरिदमची गरज फाइल सिस्टीम माउंट होईपर्यंत पडत नाही, तर त्यांच्यासाठी एक वेगळा, अदृश्य पर्याय ठेवा आणि तो फाइल सिस्टीमच्या 'वाय' किंवा 'एम'सोबत हलू द्या. मार्च २०२० च्या ५.६ मध्ये हे झालं. २०२१ मध्ये त्यात आणखी सैलपणा आला. एआरएमच्या प्रोसेसरमध्ये एईएससाठी खास सूचना असतात. त्या वापरणारा वेगवान कोड घेतलेला असताना सी भाषेतली संथ आवृत्तीही जबरदस्तीने सोबत घेण्यात अर्थ नव्हता. मग 'घ्याच' याऐवजी 'घेतलंत तर बरं' अशी शिफारस राहिली.

दुसरी किंमत जास्त लबाड आहे. बऱ्याच कंपन्या आपल्या यंत्रांसाठी कर्नलची पूर्ण कॉन्फिग फाइल जपत नाहीत. त्यातून आपोआप ठरणारं सगळं वगळून उरलेली छोटी फाइल जपतात. जुन्या व्यवस्थेत अशा छोट्या फाइलीत 'एक्सटी४ एन्क्रिप्शन: वाय' एवढीच ओळ असायची. सामाईक एफएस एन्क्रिप्शन तिने 'सिलेक्ट' केलेलं, म्हणून त्याची ओळ वगळलेली. आता तीच फाइल ५.१ ला दिली तर काय होतं? एक्सटी४ एन्क्रिप्शन नावाचा पर्यायच उरलेला नाही. के-कॉन्फिग अनोळखी नावाची ओळ मुकाट्याने ओलांडतो. एफएस एन्क्रिप्शनबद्दल फाइल काहीच म्हणत नाही आणि त्याचं मूळ मूल्य 'नाही' आहे. कर्नल बिनतक्रार बांधला जातो, यंत्र चालू होतं, आणि कूटबद्ध फोल्डर उघडायला गेलं की उत्तर येतं: ही क्रिया उपलब्ध नाही. डेटा शाबूत असतो, योग्य कर्नल घातला की परत दिसतो. पण रात्री दोन वाजता ते पाहणाऱ्याला हे आधी कुणी सांगत नाही. अनोळखी नावांबद्दल इशारा देण्याची सोय के-कॉन्फिगमध्ये २०२३ साली आली, तीही मागितली तरच. अँड्रॉइडच्या अधिकृत मार्गदर्शनात हा सांधा स्पष्ट लिहिला आहे: ५.१ आणि पुढे एकच पर्याय, त्याआधी तुमच्या फाइल सिस्टीमप्रमाणे वेगळा. बाकी ठिकाणी मात्र ज्याने त्याने आपलं पाहावं, अशीच स्थिती होती.

तिसरा आक्षेप तात्त्विक आहे: निवड कमी झाली. एक्सटी४मध्ये एन्क्रिप्शन हवं पण यूबीआयएफएसमध्ये नको, असं आता म्हणता येत नाही. हा आक्षेप मला पटत नाही. एकाच कर्नलमध्ये या दोन्ही हव्यात आणि त्यातल्या एकीत ही सोय काही किलोबाइट वाचवण्यासाठी नको, असं खरंखुरं यंत्र शोधून सापडणं कठीण. आणि मुख्य म्हणजे कर्नलमध्ये सोय असणं आणि ती वापरात असणं यात मोठं अंतर आहे. एक्सटी४मध्ये आधी डिस्कवर 'एन्क्रिप्ट' ही खूण लावावी लागते. एफटूएफएसमध्येही तसंच. यूबीआयएफएसला डिस्कवरच्या मांडणीची पाचवी आवृत्ती लागते. हे सगळं झालं तरी एखाद्या रिकाम्या फोल्डरवर धोरण लावल्याशिवाय एकही फाइल कूटबद्ध होत नाही. हाउसिंग सोसायटीने इमारतीत गॅसची पाइपलाइन आणली म्हणून प्रत्येक घरात शेगडी पेटत नाही.

खऱ्या निवडी खालच्या पातळीवर आहेत आणि त्या वाढतच गेल्या. कुठला सायफर, म्हणजे कूटबद्ध करण्याची कुठली पद्धत, वापरायचा हे फोल्डरच्या धोरणात लिहिलेलं असतं. बहुतेक ठिकाणी मजकुरासाठी एईएस-२५६ असतो. पण स्वस्त फोनमधल्या कॉर्टेक्स-ए७ सारख्या प्रोसेसरमध्ये एईएसच्या खास सूचना नाहीत, तिथे तो रांगतो. त्यासाठी गूगलने आधी स्पेक हा सायफर पुढे केला. तो अमेरिकेच्या एनएसए या गुप्तचर संस्थेने घडवलेला. २०१८ मध्ये तो कर्नलमध्ये आला, त्यावरून गदारोळ झाला आणि त्याच वर्षी तो बाहेर काढण्याचं ठरलं. त्याच्या जागी पॉल क्राउली आणि बिगर्स यांनी अडियांटम आणला. २०१९ च्या सुरुवातीला तो जाहीर झाला. आपल्याकडे पाच-सहा हजारांत मिळणारे जे फोन त्या काळात विकले जात, नेमक्या त्या वर्गासाठी हे काम होतं. यातल्या कुठल्याही सायफरसाठी फाइल सिस्टीमनिहाय बटण लागलं नाही. ऑक्टोबर २०२० च्या ५.९ मध्ये स्टोरेजच्या हार्डवेअरकडूनच कूटबद्ध करून घेण्याची सोय आली, तीही सामाईक पर्यायाच्या पोटातला एक उपपर्याय म्हणून. २०२३ मध्ये ६.६ सोबत सेफएफएस ही नेटवर्कवरची फाइल सिस्टीम एफएसक्रिप्टमध्ये आली. तिने स्वतःचं एन्क्रिप्शनचं बटण मागितलंच नाही.

मग कर्नलने सगळीकडे हाच धडा गिरवला का? नाही. परवानग्यांच्या तपशीलवार याद्यांची, म्हणजे एसीएलची सोय पाहा. एक्सटी४साठी वेगळा पर्याय, एक्सएफएससाठी वेगळा, बीटीआरएफएससाठी वेगळा, एफटूएफएससाठी वेगळा. प्रत्येक जण खाली एकाच सामाईक पर्यायाला 'सिलेक्ट' करतो. अगदी २०१९ पूर्वीच्या एन्क्रिप्शनसारखं. सिक्युरिटी लेबलांचंही तसंच. याउलट अक्षरांच्या लहान-मोठ्या रूपांत फरक न करणाऱ्या फाइलनावांसाठी एक्सटी४ आणि एफटूएफएस दोघी एकाच युनिकोड पर्यायावर चालतात. तर्काने पाहिलं तर एसीएलचे पर्यायही एक व्हायला हवेत. पण तिथे बफरच्या त्या ओळीसारखी अडवणूक कुणालाच झालेली नाही. नीटनेटकेपणा हे कर्नलमध्ये बदल घुसवण्याचं पुरेसं कारण कधीच नव्हतं; आणि जुन्या कॉन्फिग फाइली मुक्या होण्याचा धोका पाहता ते बरंच आहे, असं म्हणायला हरकत नाही.

बीटीआरएफएसचा मामला अजून वेगळा आहे. तिच्यात एफएसक्रिप्ट आणण्यासाठी २०२२ पासून पॅचेसच्या फेऱ्या झाल्या. तिथे एकाच डेटाचा तुकडा अनेक फाइली आणि स्नॅपशॉट मिळून वापरतात, त्यामुळे एका फाइलीला एक किल्ली हे एफएसक्रिप्टचं मूळ गृहीतच बसत नाही. किल्लीचा हिशोब तुकड्यागणिक ठेवावा लागतो. चर्चेत वेळ गेला तो या हिशोबात. बिल्डच्या पर्यायाचा प्रश्न २०१९ मध्येच सुटलेला होता.